लिस्बन ते हेलसिंकी : आठ सेंटीमीटर

१८ ऑगस्ट २०२४, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. निवृत्तीला चौदा महिने झाले. एकतीस वर्षं शेळगावच्या हायस्कूलात भूगोल शिकवला, जगाचं हवामान पोरांकडून पाठ करून घेतलं, पण स्वतःच्या घरातल्या वातावरणाची नोंद ठेवली नाही. आता ठेवायची. रोज. फक्त मुद्द्याचं.

मुद्दा असा. आमच्या स्वरूपाला युरोपात दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. एक लिस्बनला, एक हेलसिंकीला. दोन्ही कॉम्प्युटरच्या. तिचा कल हेलसिंकीकडे. कंपनी चांगली आहे म्हणते. कंपनी म्हणजे कुणाची, ते मला कळत नाही असं तिला वाटतं. हेलसिंकीला ऋषिराज भोंग राहतो. शेळगावच्या दत्तोबा भोंगचा मुलगा. माझाच विद्यार्थी. भूगोलात शंभरपैकी ब्याण्णव.

तरीही नाही.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी
कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला हट्टी म्हणू नये. २०१५ साली हेडमास्तर नेमायचा होता. शाळेच्या कमिटीत सात माणसं. जाधव मॅडमना सहा मतं, मला एक. दत्तोबा त्या सहांतला. मला कुणी तसं सांगितलं नाही, पण मी चेहरे वाचतो. त्या दिवसापासून मी दत्तोबाशी बोलत नाही. नऊ वर्षं. त्याच्याच गावात नोकरी करून हे जमवणं सोपं नाही. याला शिस्त लागते.

२० ऑगस्ट
रसूल बारामतीहून मुद्दाम इंदापूरला आला. रसूल म्हणजे माझा पाचवीपासूनचा मित्र. बारामतीत एसटी स्टँडजवळ त्याचं विमान तिकिटांचं आणि पासपोर्टच्या फॉर्मचं ऑफिस आहे. दत्तोबाचा निरोप घेऊन आला होता. पोरांचं एकमेकांशी जमतंय, सर हो म्हणाले तर आम्ही रीतसर घरी येतो, वगैरे. मी चहा दिला आणि एसटीचं टाइमटेबल सांगितलं.

माझी बायको विजयमाला दारापर्यंत त्याच्याबरोबर गेली. बराच वेळ दोघं गेटपाशी बोलत होती. बहुधा त्याच्या बायकोच्या, मुनिरावहिनींच्या तब्येतीबद्दल.

२१ ऑगस्ट, दुपार
आज छातीत कळ आली. वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ, कौटुंबिकदृष्ट्या आवश्यक. स्वरूपा हेलसिंकीच्या कंपनीला होकार टाइप करत होती, तेवढ्यात मी छातीला हात लावून सोफ्यावर बसलो. ती लॅपटॉप टाकून धावली. मी म्हणालो, माझी एकच इच्छा आहे, लिस्बनला जा. ती रडली. हो म्हणाली. शब्द दिला.

मलाही वाईट वाटलं. पण बापाला काही निर्णय घ्यावे लागतात.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. नॉर्मल. म्हणाले, शेंगदाण्याची चटणी कमी करा. रिपोर्ट ॲटलासमध्ये ओशनियाच्या पानात ठेवला. ते पान एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं उघडलं नव्हतं.

८ सप्टेंबर
स्वरूपा गेली. मुंबईपर्यंत सोडायला गेलो होतो. विमानतळावर तिनं विचारलं, बाबा, छाती बरी आहे ना? म्हणालो, तू लिस्बनला निघालीस तशी बरी वाटायला लागली. यात खोटं काही नाही.

९ सप्टेंबर
आज शास्त्रीय काम. घरच्या पृथ्वीगोलावर लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत दोरा ताणला. आठ सेंटीमीटर. गोलाचा घेर मोजून त्रैराशिक मांडलं. तीन हजार तीनशे साठ किलोमीटर, पाच-दहा इकडेतिकडे. इंदापूर-बारामती अंतराच्या सदुसष्ट पट. एक टोक अटलांटिकवर, दुसरं बाल्टिकवर. युरोपात याच्याहून लांब पाठवायचं तर शोधावं लागलं असतं.

विजयमालाला दोरा दाखवला. म्हणाली, एवढासाच? मी तिला प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. ती मध्येच उठून कुकर बंद करायला गेली. शिट्टी झाली नव्हती.

१२ सप्टेंबर
दोरा मोजणं पुरेसं नाही, विमानाचा वेळही हवा. म्हणून एसटीनं बारामतीला रसूलकडे गेलो. त्याला विचारलं, समजा, नुसतं समजा, लिस्बनहून हेलसिंकीला कुणाला जायचं असेल तर? रसूल कॉम्प्युटरकडे न बघता म्हणाला, "डायरेक्ट चार तास पन्नास मिनिटं. पण रोज न्हाय. न्हाईतर मधी बदलायचं, मग आठ-नऊ तास जात्यात."

पाठ होतं त्याला. धंद्यातलं ज्ञान असावं तर असं.

मी म्हणालो, म्हणजे आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी कुणी एवढी यातायात करणार नाही. रसूल म्हणाला, "भानुदास, माणूस करायचं ठरवलं तर करतं. तुला एक सांगायचं हुतं." माझी साडेचारची गाडी होती. पुढच्या वेळी सांग म्हणून निघालो.

२ ऑक्टोबर
हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं. खाली कागद चिकटवला, लिस्बन. मुलगी आता जेवत असेल, आता ऑफिसात असेल, हे एका नजरेत कळतं. कुटुंब जोडून ठेवायला अशा सोयी लागतात. विजयमाला त्या घड्याळाकडे बघत नाही. तिला आकड्यांची आवड कधीच नव्हती.

१९ ऑक्टोबर
ॲटलास कपाटात उलटा ठेवलेला दिसला. विजयमालाला विचारलं. धूळ पुसली म्हणाली. दोन दिवस ती माझ्याशी मोजकं बोलते आहे. हवामान बदललं की तिचं डोकं दुखतं.

१६ नोव्हेंबर
स्वरूपा शनिवार-रविवारी फोन उचलत नाही. मेसेज येतो, बाबा, प्रवासात आहे. चांगलं आहे. तरुणपणी देश बघावा. पोर्तुगाल लहान आहे, तरी सात-आठ शनिवार पुरतोच.

२२ डिसेंबर, रात्री ८
साडेसातला स्वरूपाचा व्हिडिओ कॉल. लिस्बनच्या घड्याळात दुपारचे दोन. तिच्या मागच्या खिडकीत मात्र काळोख. विचारलं. ती म्हणाली, पडदा जाड आहे, बाबा. खिडकीतून पांढरं काहीतरी भुरभुरत पडत होतं. लिस्बनला बर्फ? मी हे प्रकरण एकतीस वर्षं शिकवलंय. भूमध्य सागरी हवामान, हिवाळा सौम्य व पावसाळी. ती म्हणाली, फिल्टर आहे, बाबा, मोबाइलमध्ये असतो, नाताळचा.

टेक्नॉलॉजी कुठल्या कुठं गेली. अगदी खरा वाटत होता. काचेवर साचतसुद्धा होता.

५ जानेवारी २०२५
नव्या वर्षाचा संकल्प. घरच्यांचं जास्त ऐकायचं.

११ जानेवारी
स्वरूपाचा फोन. म्हणाली, बाबा, मला महत्त्वाचं सांगायचंय, नोकरीबद्दल आणि बाकीही. शांतपणे ऐकाल? मी म्हणालो, जरूर. पण आधी माझं ऐक. पहिल्या नोकरीत चिकाटी धरावी, सहा महिन्यांत जागा बदलू नये, मी एकाच शाळेत एकतीस वर्षं कशी काढली, जाधव मॅडमच्या हाताखालची आठसुद्धा. चाळीस मिनिटं बोललो. मन मोकळं झालं. शेवटी ती म्हणाली, बरं बाबा.

तिला काय सांगायचं होतं ते राहिलं. महत्त्वाचं असेल तर परत सांगेल.

६ फेब्रुवारी
पोलीस स्टेशनचा माणूस घरी आला. विजयमालाचं नाव, जन्मतारीख, या पत्त्यावर किती वर्षं राहता, सगळं विचारलं. मी कशासाठी म्हणून विचारणार, तेवढ्यात विजयमाला म्हणाली, एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं काहीतरी हाय. मी त्याला सवलतीची योजना नीट समजावून सांगितली. तो माझ्याकडे आणि विजयमालाकडे आळीपाळीनं बघत होता. सही घेऊन गेला. पोलिसांना एसटीच्या कामाला लावतात, म्हणून चोऱ्या वाढतात.

३० मार्च
युरोपातली घड्याळं आज एक तास पुढे जातात. मी स्टुलावर चढून लिस्बनचं घड्याळ पुढे केलं. मग स्वरूपाला फोन. तिथं सकाळचे नऊ असायला हवेत. ती म्हणाली, आत्ताच अकराचा चहा घेतला. मी सांगितलं, तुझं घड्याळ दोन तास पुढे आहे, दुरुस्त कर. मागून पुरुषाचा हसल्यासारखा आवाज आला. टीव्ही असणार.

एकूण मुलगी दोन तास आधी ऑफिसला जाते. साहेब खूश असेल.

२२ एप्रिल
बेचाळीस डिग्री. विजयमालानं बारामतीहून लोकरीचा स्वेटर आणला. मरून रंगाचा, जाडजूड. कानटोपी पण. सीझन नसताना घेतलं की स्वस्त पडतं म्हणाली. हे मीच तिला शिकवलं होतं. माणसात फरक पडतो, वेळ लागतो एवढंच.

११ मे
जेवताना मी भाजी वाढली तर विजयमाला "किटोस" म्हणाली. भाजीत कीटक निघाला की काय म्हणून मी वांगं उलटंपालटं करून पाहिलं. काही नव्हतं. तिनं जीभ चावली आणि पाणी आणायला उठली. वयामुळे शब्द सापडत नसावेत. डॉक्टरांना दाखवायला हवं.

८ जून
विजयमाला आज डाळजला निघाली. तिची थोरली बहीण शकुबाई हिचे गुडघे दुखतात. वीस दिवस राहणार. मी म्हणालो, मी समर्थ आहे. तिनं भाकरीचं पीठ, मसाल्याचे डबे, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. डाळजला जायला तिला चाकाची मोठी बॅग लागली. बायकांना साड्या लागतातच.

निघताना दारात थांबली. म्हणाली, "तुमाला एकदा शेवटचं विचारते. स्वरूपाचं म्हणणं ऐकून घेणार का?" मी म्हणालो, अगं, डाळज पस्तीस किलोमीटरवर आहे, शेवटचं काय त्यात. आल्यावर बोलू.

रिक्षेतून तिनं मागं वळून पाहिलं नाही.

१० जून
भाकरी जमत नाही. पोर्तुगालचा नकाशा झाली, पुढची फिनलंडचा. दोन्ही करपल्या. वडापाव.

१३ जून
विजयमालाला सरप्राइज द्यायला डाळजला गेलो. शकुबाई दारात धान्य पाखडत बसली होती. मला बघितल्यावर सूप टाकून उठली आणि तरातरा आत गेली. गुडघ्यांत चांगला फरक दिसतो.

विचारलं, विजयमाला कुठंय?

"दाजी, ती देवळात गेलीय."

बसलो. तासाभरानं परत विचारलं. "भिगवणला गेली, बाजाराला." शकुबाईनं चिलापी माशाचं कालवण वाढलं. पाच दिवसांनी गरम जेवण. जेवून परत विचारलं. शकुबाई भांडी घासत म्हणाली, "दाजी, तुमी लई शिकल्यालं हायसा. मला अडाण्याला कशाला कोड्यात घालता? घरी जावा." तिचे डोळे भरले होते. चुलीच्या वैलीचा धूर.

चारची गाडी धरून परत आलो. देऊळ, बाजार, दोन्हीकडे एकाच दिवशी गेली म्हणजे विजयमालाची तब्येत बरीच सुधारली.

झोप लागत नाही. घरात गॅसवर स्वयंपाक असतो. शकुबाईकडे पण गॅसची शेगडीच होती. चूल-वैल नव्हतीच.

१४ जून, संध्याकाळी ७
सावकाश लिहितो.

आज साडेतीनला बारामतीला रसूलच्या ऑफिसात पोचलो. शनिवार. शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. रसूल आणि मुनिरावहिनी कॉम्प्युटरसमोर खुर्च्या टाकून बसले होते. वहिनींनी नवी साडी नेसली होती. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स.

रसूलनं मला पाहिलं आणि उठून कॉम्प्युटरच्या पुढे उभा राहिला. रसूल बारीक आहे. दोन्ही बाजूंनी दिसत होतं.

मोठी खिडकी, भरपूर उजेड. स्वरूपा पिवळ्या साडीत. कपाळाला मुंडावळ्या. शेजारी ऋषिराज. एक गोरी बाई समोर उभी राहून कागद वाचत होती. मागच्या रांगेत दत्तोबा, कोट आणि टोपी, शेजारी त्याची बायको. आणि त्यांच्या पलीकडे विजयमाला. हिरव्या पैठणीवर मरून स्वेटर.

ती हसत होती. मी तिला इतकं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

स्वरूपानं सही केली, मान वर केली आणि मोबाइलकडे बघून म्हणाली, "रसूलकाका, दिसतंय ना?" मग थांबली. "मागं कोण आहे?"

रसूल बाजूला सरला. करणार काय.

"बाबा," ती म्हणाली.

तिकडचे सगळे वळले. विजयमालानं तोंडावर पदर घेतला. ती गोरी बाई कागद धरून थांबली. मुनिरावहिनी म्हणाल्या, "भावजी, बसा." त्यांनी माझ्या मागे खुर्ची सरकवली. मी बसलो नाही. बाहेर आलो. शटरला डोकं लागलं.

१४ जून, रात्री ९
स्टँडवर इंदापूरच्या फलाटाशी बाकावर बसलो होतो. दोन गाड्या सोडल्या. रसूल आला. पायात वहाणा नव्हत्या. म्हणाला, "शिव्या दे, पण हितं एकटा बसू नको."

विचारलं, "किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं झाली त्यांचं जमून. तुला निरोप आणला तवा बी जमलंच हुतं."

"तिकिटं तू काढलीस?"

"व्हय. समदी. लिस्बन-हेलसिंकी जाऊन-येऊन सात वेळा. जानेवारीत एक नुसतं जायचं."

"म्हणजे ती लिस्बनला नाही?"

"पाच महिने झालं, न्हाय. पयलीच कंपनी, हेलसिंकीची. त्यांनी जागा धरून ठेवली हुती."

मी म्हणालो, "पाचवीपासूनचा मित्र तू."

रसूल म्हणाला, "म्हणूनच तोंड उघडायचो. मी तोंड उघडलं की तू गाडीचा टाइम बघायचास. वहिनी बोलाया लागल्या की बातम्या लावायचास. पोरगी बोलली तर चाळीस मिनिटं तूच बोललास. तिनं मला रडत सांगितलं हुतं." मग थोड्या वेळानं, "वहिनी गेलं आठ-नऊ महिने माझ्याकडं येऊन तिकडची भाषा शिकायच्या, मोबाइलवर. धा-बारा शब्द आलं. किटोस म्हणजे थँक्यू."

मी म्हणालो, तिनं मला शब्द दिला होता. आजारी बापाला.

रसूल म्हणाला, "भानुदास, तुझा कार्डिओग्राम वहिनींना आक्टोबरातच सापडला. पोरगी गेली ते गाव कुठं हाय, बघाया त्यांनी ॲटलास काढला. कागद खाली पडला. त्यांना विंग्रजी वाचता ईना, माझ्याकडं आणला. मी डाक्टरला दाखवला."

"स्वरूपाला सांगितलंत?"

"त्याच दिवशी."

"मग ती लगेच का नाही गेली?"

"जानेवारीपतुर थांबली. म्हणली, बाबा स्वतःच सांगत्याल. त्यांना वेळ देऊ."

इंदापूरची गाडी लागली. रसूलनं मला आत बसवलं आणि खिडकीतून पेढे दिले. मी ते परत करणार होतो. गाडी सुटली.

१५ जून
विश्वासघात करणाऱ्यांची यादी करायला बसलो. स्वरूपा. विजयमाला. रसूल. मुनिरावहिनी. शकुबाई. दत्तोबा धरून सगळे भोंग. पोलीस स्टेशनचा माणूस. हेलसिंकीची कंपनी, जागा धरून ठेवल्याबद्दल. मग लक्षात आलं की माझ्या ओळखीची माणसं संपली.

संकल्प. यांच्यापैकी कुणाशीही आयुष्यात बोलायचं नाही. मला सवय आहे.

१६ जून
दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणी आलंच नाही. संध्याकाळी दूधवाल्याशी तेरा मिनिटं बोललो. तो यादीत नाही.

पेढे संपले. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

२८ जून
विजयमाला आली. मी भाषण तयार ठेवलं होतं, चार मुद्दे, अर्ध्या पानाचं. तिनं बॅग ठेवली, ओट्याकडे पाहिलं, करपलेला तवा पाहिला, पण आवरायला घेतला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आता मी बोलते. तुमी ऐकायचं. घड्याळ बघायचं न्हाय."

मी म्हणालो, तू मला फसवलंस.

"व्हय. फसवलं. तीस वर्षांत पयल्यांदा. मला त्याचं वाईट वाटतंय. तुमाला तुमच्याचं वाटतंय का?"

मी मुद्दा क्रमांक दोनकडे वळलो. तिनं हात वर केला. म्हणाली, "तुमी छाती धरून बसलात तवा माझ्या हातापायातला जीव गेला हुता. रात्रभर तुमच्या तोंडाशी हात धरून बघत हुते, श्वास चाललाय का न्हाय. दोन महिने रोज. मग त्यो कागद सापडला."

हे मला माहीत नव्हतं. मी झोपलेला असायचो.

मग सांगत राहिली. तिकडं रात्री अकरालाबी उजेड असतो. ऋषिराज भात चांगला करतो. लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली होती. "मी म्हटलं, काढा ती, जागा अडते. स्वरूपा नको म्हणाली."

भाषण खिशातच राहिलं. धुण्यात गेलं.

६ जुलै
सकाळी दहाला दत्तोबा भोंग दारात. बरोबर सुपारी, नारळ, रीतसर आहेर. मी पेपर वर धरला. तो समोर बसला आणि ओरडून म्हणाला, "सर, तब्येत कशी हाय?"

उत्तर दिलं नाही. तो आणखी मोठ्यानं ओरडला. शेजारचे खिडकीत आले. शेवटी मी म्हणालो, ओरडता कशाला?

दत्तोबा चकित झाला. "तुमाला ऐकाया येतंय? सर, आमाला वाटलं, तुमचं कान गेलं. मी शाळेपुढनं हाक मारायचो, तुमी सरळ जायचा. आठ-नऊ वर्षं. गावात समदे म्हणायचे, सरांना पंधरा सालापासनं ऐकू येत न्हाय."

मी म्हणालो, कान ठीक आहेत. २०१५ सालचं मतदान आठवा.

"कसलं मतदान?"

हेडमास्तरचं.

तो विचार करत राहिला. खरंच आठवत होता. म्हणाला, "त्या मीटिंगला मी हुतो का, सर? त्या साली आमच्या म्हातारीचं आजारपण चाललं हुतं. मी चार महिने सोलापुरालाच. माझ्या जागी चुलत भाऊ सही करून यायचा." मग अवघडून म्हणाला, "तेनं कुणाला दिलं इचारू का?"

नको म्हणालो. विजयमालानं त्याला चहा दिला. मलाही दिला. दोघं बसून प्यायलो. तो हळू आवाजात बोलत होता, आणि मध्येच विसरून ओरडत होता.

२० जुलै, दुपारी २.१५
लिस्बनचं घड्याळ काढलं. भिंतीवर गोल डाग राहिला.

मी सगळ्यांना माफ करायचं ठरवलं आहे. घाईनं नाही, अटींवर. तीन अटी स्वच्छ अक्षरात काढल्या. पहिली, यापुढे घरातला प्रत्येक निर्णय मला आधी कळवणे. दुसरी, झाल्या प्रकाराबद्दल स्वरूपानं दिलगिरी व्यक्त करणे. तिसरी अजून ठरायची आहे. कागद समोर ठेवून बसलो. विजयमाला म्हणाली, आज रविवार, स्वरूपाचा फोन येईल. ती आत गेली. मुद्दाम गेली.

२० जुलै, दुपारी ४
फोन आला. महिनाभरानं तिचा आवाज. म्हणाली, बाबा, जेवलात? हो म्हणालो. तू? ती हो म्हणाली. तिकडं पाऊस नाही म्हणाली, जंगलात कुठं कुठं ब्लूबेरी पिकल्यात, ऋषिराजबरोबर वेचायला गेली होती. बोटं निळी झाली होती तिची, दाखवली. मी पहिली अट वाचायला चष्मा लावला.

तिनं मला थांबवलं नाही. चष्मा नीट बसू दिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी काही विचारत नाही. तुम्हाला मला काही सांगायचंय का? मला घाई नाही. मी थांबते."

आणि थांबली. स्क्रीनवर तिचा चेहरा होता. पापण्या हलत होत्या. मागं कुणीतरी नळ बंद केला. ती थांबूनच होती.

मी म्हणालो, आवाज तुटतोय. ऐकू येत नाही. नंतर बोलू.

फोन ठेवला.

नेटवर्क व्यवस्थित होतं.